विहिरीवरून गेलेली रेघ

मी चार अधिक तीनशे वीस बोलतोय.

दचकू नका. हे गणित नाही, माझं नाव आहे. मी एक आडवा छेद आहे. दुधी भोपळा आडवा चिरला की आतला गर, बिया, साल सगळं एका नजरेत दिसतं ना, तसाच रस्ता आडवा चिरला की मी दिसतो. मधे डांबर, दोन्ही अंगांना साइडपट्टी, मग खाली उतरत जाणारा मातीचा भराव, भरावाच्या पायथ्याला पाणी वाहून नेणारी नाली, आणि या सगळ्याच्या खाली जमिनीची मूळ रेघ. रस्त्याच्या सुरुवातीपासून चार किलोमीटर तीनशे वीस मीटरवर माझी जागा, म्हणून हे नाव.

बिडकीनच्या पुढं जांभळखेड्याकडं जाणारा सात किलोमीटरचा रस्ता रुंद व्हायचा होता. दर वीस मीटरला एक असे आम्ही साडेतीनशे छेद. रस्ता बांधणारा माणूस आमच्याकडं बघूनच माती टाकतो आणि माती खणतो. आमच्यात जे असेल ते जमिनीवर उतरतं. माझ्या जिवाला घोर लागला तो याच गोष्टीचा.

माझा जन्म संभाजीनगरातला, उस्मानपुऱ्यातल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरचा. खाली चष्म्यांचं दुकान, वर आमचं ऑफिस. मला काढलं संध्या दाभाडेनं. सव्वीस वर्षांची पोरगी, सिव्हिलची पदवी घेतलेली, कामाला लागून वर्ष होत आलेलं. तिच्या घरात पहिली इंजिनिअर तीच. दुसऱ्यांदा कुणाला काही विचारायचं म्हणजे तिला मोठं संकट वाटायचं. विचारलं तर लोकांना वाटेल हिला येत नाही, असं तिच्या मनात कायमचं बसलेलं. म्हणून ती सगळं एकटीच निस्तरायची. मी तिला बारा-बारा वेळा एकच आकडा तपासताना बघितलंय.

काढलं तिनं म्हणतो खरा, पण हातानं नव्हे. रस्त्याच्या कामाची मोजणी कचरूभाऊंनी केली होती. पन्नाशीचे, काळेसावळे, डोक्याला टॉवेल बांधलेले, तिपाईवर यंत्र लावून उन्हात दिवसदिवस उभे राहणारे गृहस्थ. त्यांनी आणलेले जमिनीचे आकडे संध्यानं संगणकात घातले, रस्ता कसा हवा त्याचा साचा घातला, बटण दाबलं आणि आम्ही साडेतीनशे जण एका दमात जन्मलो. साच्यात एक नियम होता : भराव जिथं असेल तिथं एक मीटर उंचीला दोन मीटर उतार सोडायचा आणि पायथ्याला दोन मीटरची नाली काढायची. चार किलोमीटरपासून चार किलोमीटर सहाशेपर्यंत सगळ्यांना हाच नियम.

जन्मलो तेव्हा मी अंगानं बेताचा होतो. माझ्या इथं भराव सव्वा मीटरचा. माझी डावी बाजू रस्त्याच्या मध्यापासून साडेदहा मीटरवर संपायची. त्याच्या पलीकडं काय आहे ते मला माहीत नव्हतं. छेदाला आपल्यापुरतंच दिसतं.

पुढं जानेवारीत निरोप आला, नाल्यावरच्या पुलाची पातळी वाढवायची. ऑगस्टातल्या पुराचं पाणी जुन्या पुलाच्या वरून गेलं होतं. पूल माझ्यापासून जवळच. पूल उचलला म्हणजे त्याला जाऊन मिळणारा रस्ताही उचलावा लागतो. संध्यानं नवी पातळी घातली, बटण दाबलं आणि मी फुगलो.

सव्वा मीटरचा भराव तीन मीटर झाला. उतार आपोआप लांबला. माझा पायथा बारा मीटरवर गेला, नालीची कड चौदा मीटरवर. कुणी मला ढकललं नाही की ओढलं नाही. नियम होता, नियमानं आपलं काम केलं. साडेतीनशे जणांत साठ-सत्तर जण असे फुगले. संध्यानं आमच्यावरून भरभर नजर फिरवली. सगळे नीट दिसत होते. मग तिनं छपाई केली, साहेबराव सरांची सही घेतली आणि कागद साइटवर गेले.

माझी प्रत जिथं जाते तिथं मी असतो. त्यामुळं पुढं काय झालं ते मी दोन्हीकडून बघितलं. ऑफिसातल्या पडद्यावरून आणि कचरूभाऊंच्या हातातल्या कागदावरून.

तो शुक्रवार होता. कचरूभाऊ माझा कागद घेऊन भरावाच्या पायथ्याची खूण करत निघाले होते. मध्यापासून टेपनं बारा मीटर मोजायचे, तिथं चुन्याची फक्की टाकायची, पुढं जायचं. मागून एक मजूर रेघ जोडत येत होता. चार तीनशे वीसला त्यांनी खूण केली, पुढं चार तीनशे चाळीसला केली आणि मजुरानं दोन्ही खुणांमधून सरळ पांढरी रेघ ओढली. ओढताना तो मधेच थांबला. समोर दगडी कठडा होता. त्यानं कचरूभाऊंकडं बघितलं, भाऊ वही लिहीत होते. त्यानं कठड्यावरून, आत पाण्याकडं बघत, पलीकडच्या कडेवर रेघ पुढं नेली.

"अय भाऊ!" रस्त्याच्या उजव्या अंगाच्या वस्तीतून एक म्हातारी तरातरा आली. मनकर्णाबाई तिचं नाव. डोक्यावर रिकामी कळशी, पायात प्लास्टिकच्या चपला. "ही रेघ आमच्या हिरीवरून कामून गेली?"

कचरूभाऊंनी मान वर केली. विहीर बघितली. हातातल्या कागदावर मला बघितलं. माझ्यात विहीर नव्हती. माझ्या पुढच्या छेदातही नव्हती. विहीर होती चार तीनशे सत्तावीसवर, आम्हा दोघांच्या मधे. दर वीस मीटरला रस्ता चिरला, पण त्या वीस मीटरांच्या पोटात चार मीटर रुंदीची विहीर बसली होती आणि तिच्यातून एकही छेद गेला नव्हता.

"मावशे, हितं नाली यायची," कचरूभाऊ हळूच म्हणाले.

"नाली? हिरीत?" मनकर्णाबाईंनी कळशी खाली ठेवली. "माझ्या सासऱ्यानं आन् वस्तीतल्या धा-बारा माणसांनी खणलीया ही. गावच्या आडावर पोहरा सोडू देत नव्हते आपल्याला, तवा. तुमचे नळ आले, टाकी आली, पाणी येतं आठ दिसाला. बाकीचे सात दिस वस्ती काय पिती?"

अशा विहिरींच्या गोष्टी कचरूभाऊंना नवीन नव्हत्या, त्यांच्या आजोळीही अशीच एक होती. त्यांनी संध्याला फोन लावला.

इकडं ऑफिसात संध्यानं मला पडद्यावर उघडलं. मग वरून दिसणारा पूर्ण नकाशा उघडला. तिथंही विहीर नव्हती.

"कचरूभाऊ, तुम्ही मोजणीत विहीर घेतलीच नाही का?"

"घेतली मॅडम. चार पॉइंट घेतलेत कठड्याचे. वहीत बी हायेत."

संध्याला काहीतरी आठवलं. नकाशात विहिरी, झाडं, विजेचे खांब, हापसे हे सगळं एका वेगळ्या थरात असतं. पडद्यावर फार गर्दी दिसते म्हणून महिन्यापूर्वी तिनं तो थर बंद करून ठेवला होता. तिनं तो चालू केला. माझ्या शेजारी एक लहानसा गोल उमटला. अकरा मीटरपासून पंधरा मीटरपर्यंत. माझा पायथा आणि माझी नाली बरोबर त्या गोलातून जात होती.

तिनं माउसनं अंतर पुन्हा मोजलं. तेच आलं.

खरं म्हणजे तेव्हाच उठून सरांच्या केबिनमधे जायला हवं होतं. साहेबराव गाडेकर, आमच्या ऑफिसचे मालक, आवाज चढवणाऱ्यातले नव्हते. पण संध्याच्या मनात एकच विचार : चूक माझी आहे, संध्याकाळच्या आत दुरुस्त करून टाकते, कुणाला सांगायची वेळच यायला नको.

तिनं मला हातानं दुरुस्त करायला घेतलं. डावा उतार पुसला. त्याच्या जागी साइडपट्टीच्या कडेलाच माती रोखून धरणारी उभी भिंत काढली. भिंतीचा पाया आठ मीटरच्या आत बसवला, नाली साडेआठ ते दहामधे आणली. पुढच्या छेदातही तसंच केलं. विहीर मोकळी झाली. मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! तिनं फाइल सेव्ह केली, दीर्घ श्वास घेतला. मग मातीचे नवे आकडे काढायचे म्हणून सगळ्या रस्त्याचं गणित पुन्हा करायचं बटण दाबलं.

आणि माझी भिंत गेली.

काही आवाज नाही, काही इशारा नाही. उतार परत आला, पायथा परत बारा मीटरवर. पण पडद्यावर तेव्हा आकड्यांचा तक्ता होता, मी नव्हतो. संध्यानं मला बघितलंच नाही. तिनं छपाईची फाइल काढली, प्रत्येक पानावर 'सुधारित' असा शिक्का टाकला आणि चार वाजता साइटवर पाठवून दिली. "कचरूभाऊ, दुरुस्त केलंय. नवीन कागदाप्रमाणे करा," एवढंच फोनवर सांगितलं. बॅग उचलली आणि हलक्या पावलानं जिना उतरून गेली.

शनिवार, रविवार ऑफिस बंद. मी बंद संगणकात होतो, आणि माझ्या वर 'सुधारित' असं लिहिलेलं होतं. खोटं बोलण्याची पाळी आयुष्यात पहिल्यांदाच आली होती, तीही न बोलता. ओरडावं तर तोंड नाही. सोमवारी सकाळी नाली खणायला पोकलेन येणार, हे मला कागदावरच्या तारखेवरून ठाऊक होतं.

सोमवारी दहा वाजता संध्याचा फोन वाजला.

"मॅडम, ह्याच्यात काहीच बदललं नाय."

"असं कसं? मी स्वतः भिंत काढलीय. नीट बघा, चार तीनशे वीस."

"तेच बघाय लागलोय. बाराच लिवलंय. आन् पोकलेन चार दोनशे ऐंशीला आलाय."

संध्यानं मला उघडलं. भिंत नाही. तिनं डोळे चोळले. शुक्रवारी आपण खरंच भिंत काढली की नुसतं मनात काढली, अशी शंका तिला आली. तिनं पुन्हा भिंत काढली. सेव्ह केलं, फाइल बंद केली, परत उघडली. भिंत जागेवर. पुन्हा गणित केलं. भिंत गायब.

मग धांदल सुरू झाली. फाइलला कुलूप लागलंय का बघितलं. संगणक बंद करून चालू केला. फाइलची नवी प्रत काढून तिच्यात करून बघितलं. मदतीचं पान उघडलं आणि अर्धवट वाचून बंद केलं. प्रत्येक वेळी तेच. चौथ्या वेळी तिनं मला पडद्यावर उघडं ठेवूनच बटण दाबलं. भिंत तिच्या डोळ्यांदेखत एकदा लुकलुकली आणि विझली.

"अरे, राहा ना," ती मला म्हणाली. अगदी बारीक आवाजात. कुणी छेदाशी बोलतं का? पण ती बोलली. माझ्या हातात असतं तर मी दात रोवून ती भिंत धरून ठेवली असती.

तिकडं साइटवर ठेकेदाराचा सुपरवायझर माझा कागद हातात घेऊन उभा होता. "सुधारित शिक्का आहे. ऑफिसचा कागद आहे. मी कशाला थांबू?"

"कागद चुकलाय, साहेब," कचरूभाऊ म्हणाले.

"मग तसं लेखी आणा. मशीन थांबवतो."

मनकर्णाबाई विहिरीच्या कठड्याला टेकून उभ्या होत्या. वस्तीतल्या आणखी पाच-सहा जणी आल्या होत्या. कुणी आरडाओरडा करत नव्हतं. मनकर्णाबाई पुढं आल्या. "कचरूभाऊ, त्यो कागद मला वाचून दाव."

कचरूभाऊंनी वाचलं. "चार तीनशे वीस. डावी बाजू. भरावाचा पायथा बारा मीटर. नाली बारा ते चौदा."

"आन् हीर किती मीटरवर हाय म्हणतोय त्यो?"

"त्याच्यात हीर नाय, मावशे."

"हीर नाय?" मनकर्णाबाईंनी मागं वळून बघितलं, जणू खरंच आहे की नाही याची खातरी करून घेतली. "टेप लाव."

टेपचं एक टोक रस्त्याच्या मधे सुपरवायझरनंच धरलं. दुसरं कचरूभाऊंनी कठड्याला लावलं. अकरा मीटर. पोकलेनचा ड्रायव्हर खाली उतरून बघायला आला होता. त्यानं टेप बघितला, पाण्यात डोकावला. "साब, ये तो पीने का पानी है," तो म्हणाला. "लिखके मँगाओ. मैं आगे तक करता हूँ, यहाँ आके रुकूँगा." आणि परत मशीनवर चढला. मशीन सुरू झालं. त्याच्या धक्क्यानं कचरूभाऊंच्या कागदावर मी थरथरत होतो.

"मॅडम," कचरूभाऊ फोनवर म्हणाले, "लेखी लागंल. सरांच्या सहीचं. तासभर हाय आपल्याकडं. कमीच."

संध्या उठली. केबिनपर्यंत बारा पावलं. दार ढकलताना तिनं ओढणीनं तोंड पुसलं.

"सर, माझी चूक झालीय." आणि तिनं सगळं सांगितलं. बंद केलेला थर, विहीर, शुक्रवारचा फोन, भिंत, शिक्का. मधे एकदाही थांबली नाही.

साहेबरावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे तुला शुक्रवारी कळलं?"

"हो सर."

"आणि मला सोमवारी."

संध्यानं मान हलवली.

"बरं. आधी मशीन." त्यांनी लेटरहेड ओढलं आणि चार ओळी लिहिल्या. चार किलोमीटर दोनशे नव्वदच्या पुढं डाव्या बाजूचं काम पुढील आदेशापर्यंत बंद ठेवावं, पाठवलेला सुधारित नकाशा रद्द समजावा. सही केली, शिक्का मारला, फोटो काढून पाठवला आणि सुपरवायझरला स्वतः फोन लावला. "हां, मी गाडेकर. आमची चूक आहे, तुमची नाही. थांबवा." संध्याकडं न बघताच त्यांनी 'आमची' म्हटलं.

मशीन चार दोनशे अठ्ठ्याऐंशीवर थांबलं. माझ्यापासून बत्तीस मीटर. मी अजूनही तो आकडा विसरलेलो नाही.

मग साहेबराव संध्याच्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले. त्यांनी तरुणपणी आमच्यासारखे हजारो छेद आलेखाच्या कागदावर पेन्सिलनं काढले होते, पण या सॉफ्टवेअरमधलं त्यांना फारसं कळत नव्हतं. "दाखव काय होतंय."

तिनं दाखवलं. भिंत आली, भिंत गेली.

"आमच्या वेळी छेद मी काढायचो. पुसला तर मीच पुसायचो," ते म्हणाले. "इथं छेद कोण काढतंय?"

"सॉफ्टवेअर, सर."

"कशावरनं?"

"जमिनीचे आकडे आणि साचा. साच्यात नियम असतो, भराव असेल तर उतार..." संध्या बोलता बोलता थांबली.

"म्हणजे तू उत्तर खोडून नवीन लिहितेस, आणि गणित तसंच ठेवतेस. ते दर वेळी आपलं जुनंच उत्तर आणून ठेवणार."

चार दिवस आडून बसलेली गोष्ट अशी सुटली. संध्यानं मला हात लावलाच नाही. तिनं नियम उघडला. चार किलोमीटर ते चार सहाशेचा एकच सलग नियम होता, तो तिनं तोडला. चार तीनशेपासून चार तीनशे पंचेचाळीसपर्यंत वेगळा नियम केला : इथं डावीकडं उतार नाही, भिंत. आणि मग तिनं आणखी एक काम केलं. चार तीनशे सत्तावीसवर, बरोबर विहिरीच्या मध्यावर, एक नवा छेद मागवला.

"दाब," साहेबराव म्हणाले.

मी श्वास धरला. गणित माझ्या अंगावरून गेलं. भिंत लुकलुकली आणि राहिली. संध्यानं पुन्हा दाबलं, राहिली. तिसऱ्यांदा दाबलं, राहिली. माझ्या शेजारी एक नवा जीव आला होता. त्याच्या डाव्या अंगाला, नालीच्या पलीकडं, विहिरीचा खोल चौकोन होता. तिचं पाणी किती खाली आहे तेसुद्धा कचरूभाऊंच्या वहीतून येऊन त्याच्यात उमटलं होतं. साडेतीनशे जणांत विहीर बघितलेला तो पहिला.

या वेळी संध्यानं छपाईच्या फाइलचं प्रत्येक पान उघडून बघितलं. माझ्या पानावरचे आकडे फोनवर कचरूभाऊंना वाचून दाखवले, आणि त्यांनी तिकडं टेप लावून ताडले.

गोष्ट इथं संपली असं मला वाटलं होतं. संध्यालाही वाटलं असेल. पण साहेबराव म्हणाले, "उद्या सकाळी जाऊ. ज्या बाईनं टेप लावायला लावला तिला भेटू."

मंगळवारी दोघं साइटवर गेले. संध्या पहिल्यांदाच माझ्या जागेवर आली. वर्षभर तिनं मला पडद्यावर बघितलं होतं, पण इथल्या मातीला पाय लागले नव्हते. नाल्याच्या कडेला बाभळी होत्या, वस्तीच्या तोंडाशी निळा झेंडा होता. तिनं कागद उलगडला आणि मनकर्णाबाईंना समजावून सांगितलं. इथं भिंत येईल, इथं नाली, तुमच्या विहिरीला धक्का लागणार नाही.

मनकर्णाबाईंनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "भिंत किती उंच?"

"तीन मीटर. म्हणजे तुमच्या दुप्पट, मावशी."

"वस्ती त्या अंगाला, हीर ह्या अंगाला. आज आम्ही रस्ता ओलांडून सरळ येतो. उद्या तुझा रस्ता चढायचा आन् मंग ह्या भिंतीवरून उतरायचं कुठून? कळशी घिऊन उडी मारायची का?"

संध्याच्या हातातला कागद खाली आला. मीही खालीच बघत होतो. माझ्यात सगळं होतं. डांबर, खडी, माती, भिंत, नाली, आता शेजारच्यात विहीरसुद्धा. फक्त इकडून तिकडं जाणारं माणूस नव्हतं. मी विहीर वाचवली होती आणि वस्तीपासून तोडली होती.

"तुमचं बरोबर आहे," संध्या म्हणाली. "हे आमच्या लक्षातच आलं नाही." हे वाक्य तिला या वेळी जड गेलं नाही.

साहेबरावांनी खिशातून पेन्सिल काढली. कचरूभाऊंची वही मागितली आणि कठड्यावर बसून तिथंच पायऱ्या काढल्या. वस्तीच्या बाजूनं उतारावर सरळ पायऱ्या, विहिरीच्या बाजूनं भिंतीला लागून आडव्या जाणाऱ्या वीस पायऱ्या, जिथं पायऱ्या येतील तिथं नालीवर फरश्या. मनकर्णाबाई वाकून बघत होत्या.

"सलग वीस चढवणार व्हय? भरल्या कळशीनं?"

"दहाव्या पायरीला थांबायला जागा ठेवतो."

"तिथं कमरेएवढा ओटा करा. कळशी टेकवाय. खाली ठिवली तर परत उचलाय दुसरं माणूस लागतं."

साहेबरावांनी ओटा काढला. उंची किती, हे बघायला संध्यानं टेप हातात घेतला आणि मनकर्णाबाईंच्या कमरेला लावला. "सत्त्याऐंशी सेंटिमीटर," ती म्हणाली. बाकीच्या जणी तोंडाला पदर लावून हसल्या. मनकर्णाबाई हसल्या नाहीत, ताठ उभ्या राहिल्या, आकडा चुकू नये म्हणून.

पुढचे तीन दिवस संध्यानं विहिरी-हापशांचा तो थर चालू ठेवून आम्हा तीनशे एक्कावन्न जणांना एकेक करून तपासलं. सहा किलोमीटर एकशे चाळीसच्या जवळ एक हापसा नालीत जात होता. तो दिसल्या मिनिटाला ती उठून केबिनमधे गेली. दारापाशी थांबलीसुद्धा नाही.

काम मे महिन्यात पुरं झालं. भिंत उभी आहे, पायऱ्या आहेत, ओटा आहे. विहिरीचं पाणी उन्हाळ्यातही पुरलं. आता सकाळी पायऱ्यांवर बायकांची ये-जा असते. मनकर्णाबाईंचे गुडघे दुखतात आणि त्या पायऱ्यांच्या नावानं बोटं मोडतात, पण येतात. माझी ऑफिसातली फाइल बंद झाली. संध्या आता दौलताबादच्या बाजूच्या एका रस्त्यावर काम करते. तिथले छेद वेगळे. मला आता कुणी उघडत नाही, आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही. ज्याचं काम झालं त्यानं बाजूला व्हावं.

पण माझा घोर संपलेला नाही, आणि तेवढं सांगायलाच मी आज तोंड उघडलंय.

काम संपल्यावर ठेकेदारानं साइटवरचं पत्र्याचं ऑफिस आवरलं. जुन्या कागदांचा गठ्ठा बाहेर टाकून दिला. मनकर्णाबाई तिथं गेल्या आणि आवरणाऱ्या माणसाला म्हणाल्या, "आमच्या हिरीचा कागद दे." त्यानं वरवर चाळलं, चार तीनशे वीस असं लिहिलेलं एक पान ओढून दिलं. वर 'सुधारित' असा शिक्का होता. शिक्का बघून मनकर्णाबाईंना बरं वाटलं. त्यांनी तो घरी आणला, प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि बाबासाहेबांच्या तसबिरीमागं ठेवला. सुनेला सांगितलं, "हीर आपली हाय ह्याचा पुरावा हाय ह्यो. कुणी परत रेघ ओढाय आलं तर हेच दावायचं."

तो शुक्रवारचा कागद आहे. रद्द झालेला. त्याच्यात भिंत नाही, विहीर नाही, आणि बारा मीटरवर पायथा आहे.

संध्याताई, तुम्ही हे वाचत असाल तर एक काम करा. चार तीनशे वीस आणि चार तीनशे सत्तावीस, दोन्ही पानं नव्यानं छापा. सरांची सही घ्या. आणि टपालानं पाठवू नका, स्वतः नेऊन द्या. मनकर्णाबाईंना वाचता येत नाही, त्यांना वाचून दाखवा. मला तिथून काढा. मी त्या घरात फार विश्वासानं ठेवला गेलोय, आणि मी चुकीचा आहे.